नऊ नावं

मागच्या बाजूला आजीच्या शाईत
डावीकडून उजवीकडे नऊ नावं,
खाली: खार्टूम, सत्तावीस जुलै, अठ्ठावन्न.
आजोबांचा नामदिन. संत पांडेलेइमोन
खरा वैद्यांचा, पण आमच्याकडे
ऑलिव्हचे डबे आणि चीजचे पिंप
त्याच्याच भरवशावर खपायचे.

पुढच्या बाजूला नाईलचा काठ.
कडुनिंबाखालच्या खुर्च्या
फोटोपुरत्या उन्हात ओढलेल्या.
आजोबा टायमध्ये. त्या उन्हाळ्यात, टाय.
लेफ्तेरीसमामाच्या हातात कलिंगडाची फोड,
माझी आई सहा वर्षांची, एक मोजा घसरलेला,
आणि सगळे बघतायत भलतीकडेच,
फोटोच्या उजव्या कडेबाहेर,
कुणीतरी तिथून हाक मारल्यासारखे.

आई म्हणायची, उंट होता.
मामा म्हणायचा, उंटाचं कसलं कौतुक तिथे,
हबूब येत होता, धुळीची भिंत,
निम्मं आकाश खाऊन झालं होतं तिचं.
आजी म्हणायची, भांडू नका,
फोटो वाया गेला एवढं खरं.

वाया गेलेला फोटो तिने
तुपाच्या डब्यात घालून व्होलोसला आणला,
दुकान सरकारजमा झालं त्या वर्षी.
पुढे दर नामदिनाला तो उलटा ठेवायची
आणि गेलेल्याच्या नावापुढे
पेन्सिलीने बारीक क्रूस काढायची.
मग आई काढू लागली.
आईचा मी काढला.
आता आठ क्रूस आहेत.

उरली फोतिनीमावशी.
फोटोत ती एकटी कॅमेऱ्याकडे बघते.
बावीस वर्षांची, ठिपक्यांचा झगा,
लहानपणी मला वाटायचं
आमच्या घरात हिला एकटीला शिस्त होती.

यंदा भिंग घेऊन बसले तेव्हा
पहिल्यांदा दिसली ती सावली.
गवतावरून आडवी आलेली, लांबलचक,
कोपरं बाहेर, मान खाली.
त्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागे.
सावलीचं डोकं मावशीच्या सँडलपाशी संपतं.
साठ वर्षं आम्ही तिला गवताचा डाग म्हणत होतो.

वृद्धाश्रमात मावशी आता कधीकधी
पाणी अरबीत मागते.
नर्सला वाटतं, मोया ही कुणी मुलगी असावी.
मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला,
विचारलं, हा काढला कोणी?
बाबिकरने, ती म्हणाली,
जणू मी विचारलं होतं सूर्य कुठे उगवतो.
दुकानाचे हिशेब बघायचा. ऑमडुरमनहून
ट्रामने यायचा. आकडे सुंदर काढायचा.

मग?
मग काय, धूळ आली.
सगळे गाडीकडे पळाले, बाबा टाय धरून.
त्याने कॅमेरा जलाबियात गुंडाळला
आणि वाऱ्याकडे पाठ करून तिथेच बसला.
म्हणून तर हा फोटो आहे.

आणि तू?
तिने पायांवरची शाल नीट केली.
खिडकीतून बंदरावरचा भोंगा ऐकला.
म्हणाली, दोन दिवस माझ्या दातांत
वाळू किरकिरत होती.

ती बारा वर्षं धाकटी झाली नाही,
डोळे बिळे पाणावले नाहीत.
तिने चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटलं,
चमच्याने काढून खाल्लं.
मी फोटो उलटा केला.
मावशी, दहावं नाव लिहू?

अरबीत लिही, ती म्हणाली. उजवीकडून.

मला अरबी येत नाही.
तिने पेन्सिलीसाठी हात पुढे केला.
बराच वेळ टोक कागदावर नुसतं टेकलेलं,
मग आकड्यासारखं काहीतरी, त्याखाली ठिपका,
मग एक उभी रेघ.
तेवढ्यात तिला झोप लागली.